ज्ञानेश्वरीचे चित्र: स्तंभ की कमानी?

फोंड्यातल्या आमच्या पारायण मंडळात ज्ञानेश्वरीचा आलेख भिंतीवर लावायचे ठरले आणि दोन पर्याय पुढे आले: स्तंभांचा किंवा कमानींचा.

मला स्तंभ फार भावले: प्रत्येक अध्यायाची एक पट्टी, जितक्या ओव्या तितकी उंच. गीतेचा बारावा आणि पंधरावा, दोन्ही अध्याय २० श्लोकांचे. ज्ञानेश्वरीत मात्र बाराव्याला अडीचशेच्या आत ओव्या, पंधराव्याला सहाशेच्या आसपास! माऊली कुठे रमून बोलतात, हे दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की लहान मुलालाही दिसते. मोजणी वही-पेन्सिलीनेही होते.

कमानींचे काम वेगळे. संगणक संशोधक क्रिस हॅरिसन यांनी २००७ मध्ये बायबलमधले ६३,७७९ परस्परसंदर्भ असे रेखाटले. तळाशी ओळीने सगळे अध्याय, आणि एका अध्यायातून दुसऱ्यात झेपावणारी प्रत्येक कमान म्हणजे एक संदर्भ. दुरून इंद्रधनुष्यच! जवळ गेल्यावर मात्र एकेक धागा सुटा करता येत नाही. शिवाय संदर्भ कोणता धरायचा, हे आधी जाणकाराने ठरवावे लागते.

तरीही आपल्या गोव्यातल्या राचोलला १६१६ साली छापल्या गेलेल्या, जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणासाठी, म्हणजे बायबलच्या कथेवरील मराठी ओवीबद्ध काव्यासाठी, मी कमानीच निवडीन. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. पहिल्यातल्या भाकितापासून दुसऱ्यातल्या पूर्ततेपर्यंतची वाट स्तंभांत उमटतच नाही.

मंडळाच्या भिंतीवर मात्र स्तंभच चढवूया, अध्यायांच्या क्रमाने. प्रत्येक पट्टीवर ओव्यांचा आकडा ठळक असावा, मागे बसलेल्या आजींनाही वाचता येईल एवढा.