एकाच रॅमवर ‘टेस्ट’ करून दिलेला मदरबोर्ड आणि गेलेले १३,७५० रुपये

बोर्डाचे ९,८०० रुपये. त्यातले ५,००० यूपीआयने दिले, ४,८०० रोख. रॅम खराब निघाली असं समजून ८ जीबीच्या दोन स्टिकची नवी जोडी घेतली, तिचे ३,४५०. शेवटी एका माहितगार माणसाकडून बोर्ड तपासून घेतला, त्याचे ५००. एकूण १३,७५०. हातात उरलाय इंटेलच्या प्रोसेसरसाठीचा, बी७६० चिपसेटचा एक बोर्ड. त्याच्या चार रॅम स्लॉटपैकी दोन मेलेले आहेत आणि त्याची वॉरंटी कुणीच मानत नाही.

दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं. तक्रार दाखल केलेली आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

हा धंदा कसा चालतो हे बहुतेकांना ठाऊक आहे. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमधल्या पिन वाकल्या म्हणून सर्व्हिस सेंटरने नाकारलेला बोर्ड कवडीमोलाने घ्यायचा. भिंगाखाली सुईने पिन सरळ करायच्या, निदान डिस्प्ले येईल इतपत. मग त्याच मॉडेलच्या चांगल्या खोक्यात घालून नवा म्हणून विकायचा. खोकी मिळतात, कारण पीसी असेंबल करून नेणारे लोक खोकी दुकानातच टाकून जातात. कृपा करून असं करू नका. प्रत्येक भागाचं खोकं घरी आणा, तुमच्याच खोक्यातून पुढचा माणूस लुबाडला जातो.

आधी बिलाचं सांगतो, कारण पुढे सगळं तिथेच अडलं. बिलासकट ११,५६४, बिलाशिवाय ९,८००. फरक १८ टक्के जीएसटीचा, १,७६४ रुपये. काउंटरवरचा म्हणाला, “दादा, वॉरंटी सिरियल नंबरवर असते, बिलावर नाही.” यातलं अर्धं खरं आहे. सर्व्हिस सेंटर आधी नंबरच तपासतं, बऱ्याच कंपन्यांची बोर्डावर तीन वर्षांची वॉरंटी असते. हे मला माहीत होतं, म्हणून तर त्याचं बोलणं पटलं. माझ्या आधीच्या तिघांनीही कच्च्या चिठ्ठीवरच माल नेला होता. पण ज्याने डिस्ट्रिब्युटरकडून पक्क्या बिलावर माल उचलला, त्याने जीएसटी तिथेच भरलेला असतो. त्याला बिलाशिवाय स्वस्त द्यायला परवडेल कसं? बहुधा तो माल त्याच्याकडेही बिलाशिवायच आलेला असतो.

चिठ्ठीवर ‘बी७६०एम, १ नग, ९८००’ एवढंच. शिक्का नाही, जीएसटी क्रमांक नाही, सिरियल नंबर नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. तेही पाहिलं आणि पैसे पाठवले.

आता तो क्षण, जो अजून डोक्यातून जात नाही.

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर काळी प्लास्टिकची कॅप असते. नव्या बोर्डावर ती धातूच्या चौकटीला घट्ट बसवलेली येते. ती हाताने काढायचीच नसते. प्रोसेसर ठेवायचा, चौकट मिटायची, तरफ दाबायची, की कॅप आपोआप सुटून येते. म्हणजे कॅप आधीच सुटी असेल तर ते सॉकेट कुणीतरी उघडलेलं आहे. माझ्यासमोर खोकं उघडलं तेव्हा कॅप अँटिस्टॅटिक पिशवीच्या तळाशी पडलेली होती. मी पाहिली. विचारलंसुद्धा. “आम्ही टेस्ट करून ठेवतो, तुम्हालाच त्रास नको,” असं उत्तर आलं आणि मी गप्प बसलो. स्क्रूच्या भोकांभोवती पांढरट गोल ओरखडे होते. टेस्टिंगला बोर्ड टेबलावर नुसता ठेवतात, स्क्रूने आवळत नाहीत. ओरखडे पडले म्हणजे तो कुणाच्या तरी कॅबिनेटमध्ये राहून आलेला होता. दोन खुणा डोळ्यांसमोर होत्या आणि दोन्हींचा अर्थ मला माहीत होता. दिवाळीआधीचा शनिवार, मागे रांग, शटर खाली यायची वेळ. अशा वेळी माणूस घाई करतो, आणि दुकानदाराला तेच हवं असतं.

खोक्यावरचा सिरियल नंबर आणि बोर्डावरचा नंबर जुळवायला दहा सेकंद लागतात. बोर्डावरचं स्टिकर बहुधा २४ पिनच्या पॉवर कनेक्टरजवळ किंवा रॅम स्लॉटच्या कडेला असतं. मी जुळवला नाही. शेवटचे चार आकडे वेगळे होते.

मग त्यांनी ‘टेस्ट’ करून दाखवली. दुकानातला प्रोसेसर, दुकानातली एकच रॅम, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ मध्ये. वीसेक सेकंदांत बायोसचा, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगचा पडदा. “बघा, एकदम ओके.” माझ्या पिशवीत दोन स्टिकची माझी जोडी होती. ती लावा म्हणालो असतो तर फसवणूक तिथेच उघडी पडली असती. चार स्लॉटच्या दोन जोड्या असतात, ए चॅनेल आणि बी चॅनेल. ए चॅनेल चालू होतं, बी चॅनेल मेलेलं होतं, आणि ज्याने एकच स्टिक नेमकी ए२ मध्येच लावली त्याला हे ठाऊक होतं असं माझं ठाम मत आहे. बोर्ड दुकानात तपासून घेत असाल तर दोन्ही चॅनेलमध्ये रॅम लावायला सांगा आणि बायोसमध्ये एकूण मेमरी किती दिसते ते स्वतः वाचा. नुसता डिस्प्ले आला म्हणजे बोर्ड चांगला, असं अजिबात नाही.

घरी आल्यावर दोन्ही स्टिक ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या. पंखे फिरतात, बोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमची अडचण दाखवणारा दिवा पेटून राहतो, डिस्प्ले नाही. बी२ मधली काढली की डिस्प्ले येतो. दुकानात फोन केला तर “तुमची रॅम कंपॅटिबल नाही.” ३,४५० रुपये इथे गेले. आधी प्रत्येक स्टिक एकेकटी ए२ मध्ये लावून मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) चालवली असती तर ते वाचले असते. नंतर चालवली, दोन्ही स्टिकवर एकही चूक आली नाही. दुकानदार फोनवर ज्या भागाला दोष देईल तो भाग विकत घेऊ नका, आधी तपासा.

पण लगेच बोर्डालाही दोष देऊ नका, कारण हेच लक्षण इतर कारणांनीही येतं. आधी मेन स्विच बंद करून सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा किंवा क्लिअर सीमॉसच्या दोन पिना जोडा, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद राहू द्या. मग कूलर सैल करा. एका बाजूने जास्त आवळलेल्या कूलरमुळे प्रोसेसर पिनांवर सारखा टेकत नाही आणि एक चॅनेल गायब होऊ शकतं. स्क्रू नेहमी समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. नंतर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवून चालू करू नका, तिच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते. कॅबिनेटमध्ये चुकीच्या जागी राहिलेला एखादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर आवळतात तो धातूचा छोटा खांब) बोर्डाच्या पाठीला टेकला तरी शॉर्ट होतो, तो प्रश्न बाहेर काढल्यावर निकालात निघतो. २४ पिन, प्रोसेसरची ८ पिन, एक रॅम, कूलर आणि प्रोसेसरच्या नावात ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स कार्ड, एवढंच जोडा. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून चालू करा. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि प्रोसेसर दुसऱ्या चालू मशीनमध्ये लावून बघा, कारण मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो आणि दोष त्याचाही निघू शकतो. डीडीआर५ रॅमवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा: पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे रॅमशी जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात. तोवर पडदा काळा राहतो, तो बिघाड नव्हे.

हे सगळं झाल्यावर सॉकेट पाहिलं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की सगळ्या पिनांची टोकं ओळीने सारखी चमकतात. सतराशे पिनांत दोन वेगळ्या चमकल्या. एकीचं टोक शेजारणीकडे झुकलेलं, दुसरीचं टोकच नव्हतं. पाचशे रुपये घेणाऱ्याने भिंगाखाली तेच सांगितलं, शिवाय आसपासच्या पिना आधी सरळ केल्याच्या खुणा दाखवल्या. तुटलेली पिन सरळ होत नाही. पूर्ण सॉकेट बदलावं लागतं, आणि त्या कामाचा खर्च बोर्डाच्या किमतीच्या जवळ जातो.

सर्व्हिस सेंटरने बोर्डावरचा नंबर संगणकात टाकला. हाच बोर्ड पाच महिन्यांपूर्वी आलेला, ‘सीआयडी’ असा शेरा मारून परत दिलेला, म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान. तेव्हाचा ग्राहक मी नव्हतो. खोक्यावरचा नंबर सांगितला तर तो वॉरंटीत होता, पण त्या नंबरचा बोर्ड माझ्याकडे नाही. मी एवढंच मागितलं की जे पडद्यावर दिसतंय ते लिहून द्या. पाच महिन्यांपूर्वी नाकारल्याची तारीख माझ्या चिठ्ठीच्या आधीची होती, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? नाही दिलं. “सिस्टिममधली माहिती बाहेर देता येत नाही.” जॉब शीट (बोर्ड जमा केल्याचा कागद) मागितली तर म्हणे, बोर्ड जमाच करून घेत नाही, मग शीट कशाची. स्वतःच्या कंपनीच्या नावावर भंगार विकलं जातंय हे डोळ्यांनी पाहूनही त्यांना दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत. सर्व्हिस सेंटरला बोर्ड देणार असाल तर काउंटरवरच सॉकेटचा फोटो काढा आणि जॉब शीटवर ‘पिना ठीक’ असं लिहून घ्या. नाहीतर त्यांच्या टेबलावर वाकलेली पिनही तुमच्याच नावावर लागते.

दुकानात परत गेलो. “हा आमचा बोर्ड कशावरून? बिल दाखवा.” ज्या माणसाने बिल नको म्हणून पटवलं, तोच बिल मागत होता.

पोलीस चौकीत अर्ज वाचायच्या आधीच “हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा” असं सांगितलं. नवा म्हणून जुना, नाकारलेला माल विकणं ही फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे आणि फसवून पैसे काढून घेण्याचा त्यातला प्रकार दखलपात्र आहे. मी हे बोललो तर “नऊ हजारांसाठी?” असा प्रश्न आला. नऊ हजार आठशे. आकडा लहान म्हणून गुन्हा लहान होत असेल तर या दुकानदारांना कायमचा परवानाच मिळाला म्हणायचा, कारण दिवसाला पाच जणांचे दहा-दहा हजार घेतले की कुणाचीच तक्रार मोठी ठरत नाही. यूपीआयचा व्यवहार दाखवला तर सायबरकडे पाठवलं. सायबरवाल्यांनी विचारलं, दुकानात समोर उभं राहून दिलेत ना, मग यात सायबर काय? परत चौकीत. तीन फेऱ्यांनंतर अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. पोच म्हणजे माझ्याच अर्जाच्या प्रतीवर एक शिक्का आणि तारीख! त्यासाठी दीड तास बसून राहिलो. बिल न देण्याबद्दल आणखी एका सरकारी कार्यालयात गेलो, तिथे विचारलं की दुकानाचा जीएसटी क्रमांक काय. तो बिलावर असतो, आणि बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर अर्ज दोन प्रतींत न्या आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं पाहून लोक माघार घेतात. घेऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमात आहे. म्हणून हे तीस दिवस फोनवर बोलण्यात घालवू नका. पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा, स्पीड पोस्टाने, आणि पावती जपा. माझे अकरा दिवस “मालक गावाला गेलेत” यात गेले.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन दुकानदाराशी बोलून तडजोड घडवू शकते, आदेश देऊ शकत नाही. आदेश हवा तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

बिल घ्याल तेव्हा त्यावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या, खोक्यावरचा नव्हे, बोर्डावरचा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि सर्व करांसहित किंमत असायलाच हवी. ते स्टिकर नसेल तर तिथूनच मागे फिरा. आणि खोकं उघडण्यापासून सॉकेट पाहण्यापर्यंत मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. दुकानदार नको म्हणाला तर दुकान बदला.

माझ्या तक्रारीसोबत आता पाच हजारांची यूपीआय नोंद आहे, चिठ्ठीचा फोटो आहे, दोन्ही नंबरांचे फोटो आहेत आणि आयोगाने सर्व्हिस सेंटरकडून त्या पाच महिन्यांपूर्वीच्या नोंदीची प्रत मागवावी असा अर्ज आहे. रोख दिलेल्या ४,८०० ची कुठेच नोंद नाही. बोर्ड कॅप लावून पिशवीत ठेवला आहे. दोघांनी पिना नीट करून निदान विकून तरी देतो म्हटलं. मी हात लावू दिला नाही. आयोगाने तपासणीला मागितला तर तो जसा मला विकला तसाच पोचला पाहिजे.