पुणे मिळकतकर सेवा: पैसे भरणं सोपं, सवलत टिकवणं कष्टाचं

पुणे महापालिकेच्या मिळकतकर सेवेचे दोन भाग आहेत आणि दोन्हींना मिळून एकच गुण देणं बरोबर ठरणार नाही. बिल शोधून पैसे भरण्याची सोय पाचपैकी साडेचार गुणांची. राहत्या घराची ४० टक्के सवलत बिलावर आणण्याची आणि टिकवण्याची सोय मात्र दोनच गुणांची, तेही पीटी-३ हा अर्ज साधा आणि स्वस्त आहे म्हणून. बहुतेक लोक पहिला भाग वापरून खूश होतात आणि दुसऱ्याकडे बघतही नाहीत. पैसे जातात ते तिथे.

आधी सवलतीची गोम. एप्रिल १९७० मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने ठराव केला की घरमालक स्वतः राहत असेल तर त्या घराचं वाजवी भाडं, म्हणजे कर ठरवण्यासाठी पालिका धरते ते अंदाजी भाडं, ६० टक्केच धरायचं. शिवाय देखभाल-दुरुस्तीपोटी नेहमीच्या १० ऐवजी १५ टक्के वजावट द्यायची. हे कित्येक वर्षं सुरळीत चाललं. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने हा ठराव रद्द केला. १ एप्रिल २०१९ नंतर नव्याने आकारणी झालेल्या घरांना सवलतीविना बिलं गेली. त्याआधीच जीआयएस, म्हणजे संगणकीय नकाशावर मिळकती नोंदवण्याच्या, सर्वेक्षणात ज्या घरांत भाडेकरू असल्याची नोंद झाली, त्यांचीही सवलत काढली गेली होती. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत पुन्हा चालू केली, पण देखभालीची वजावट १५ वरून १० टक्क्यांवर आणली. मधल्या काळातला त्या ५ टक्क्यांचा फरक वसूल करायचा नाही, असंही तेव्हाच ठरलं.

आता आकडे बघा. समजा घर ८०० चौरस फुटांचं आहे आणि हिशेबाच्या सोयीसाठी दर महिना २ रुपये चौरस फूट धरला. वर्षाचं भाडं १९,२०० रुपये. सवलत नसेल तर त्यातून १० टक्के जाऊन करपात्र मूल्य, म्हणजे ज्यावर कर बसतो तो आकडा, १७,२८० होतं. सवलत असेल तर आधी १९,२०० चे ६० टक्के म्हणजे ११,५२०, त्यातून १० टक्के वजा, म्हणजे १०,३६८. जुन्या १५ टक्क्यांच्या नियमाने हाच आकडा ९,७९२ आला असता. म्हणजे २०२३ च्या निर्णयाने राहत्या घराचं करपात्र मूल्य जेमतेम ६ टक्क्यांनी वाढलं. पण सवलत मुळातच नोंदलेली नसेल तर ते १०,३६८ ऐवजी १७,२८० होतं, म्हणजे दीडपटीहूनही जास्त. ‘४० टक्के सवलत गेली’ म्हटल्यावर बिल ४० टक्क्यांनी वाढेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते ६६ टक्क्यांच्या वर चढतं, कारण ६० चे १०० होतात.

म्हणून मे महिन्यात लवकर भरण्याच्या सवलतीसाठी जी धावपळ चालते, तिची थोडी गंमत वाटते. ती सवलत करपात्र मूल्यानुसार ५ किंवा १० टक्के असते आणि फक्त सर्वसाधारण करावर मिळते. सफाई कर, जललाभ कर, जलनिःसारण कर, रस्ता कर, वृक्ष कर, शिक्षण कर यांना ती लागू नाही. ती घ्यायची नाही असं कोणी म्हणत नाही. पण आधी करपात्र मूल्य बरोबर आहे का ते बघा, कारण बिलावरचा प्रत्येक कर त्याच आकड्यावर बसतो.

ते बघायचं कसं? बिल हातात घेतल्यावर एकूण रकमेकडे जाऊ नका, वार्षिक करपात्र मूल्याचा आकडा शोधा. तुमच्याच इमारतीतल्या, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या आणि त्याच वर्षी आकारणी झालेल्या दुसऱ्या घराचं बिल शेजारी ठेवा. त्यांचं ६० आणि तुमचं १०० अशा प्रमाणात आकडे असतील तर तुमच्या नोंदीत सवलत नाही. इमारत तीच आणि आकारणीचं वर्ष तेच, या दोन्ही अटी पाळा. पुण्यात जुन्या घरांना त्यांच्या पहिल्या आकारणीच्या वेळचे दर चालू राहिलेले आहेत. त्यामुळे समोरच्या सोसायटीतल्या वाड्याच्या काळच्या बिलाशी तुलना केली तर निष्कर्ष हमखास चुकतो.

सवलत नसेल तर पीटी-३ भरायचा. नमुना संकेतस्थळावर मिळतो, क्षेत्रीय कार्यालयातही मिळतो. शुल्क २५ रुपये. सोबत दोन प्रकारची कागदपत्रं लागतात. पहिलं, तुम्ही स्वतः त्या घरात राहता असं सोसायटीचं पत्र. दुसरं, त्या पत्त्याचा पुरावा: मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, शिधापत्रिका किंवा गॅसचं कार्ड. शहरात दुसरं घर असेल तर त्याच्या कराच्या बिलाची प्रतही जोडायची, कारण सवलत एकाच घराला मिळते. अर्ज आल्यावर पेठ निरीक्षक, म्हणजे त्या भागाचा पालिकेचा कर कर्मचारी, जागेवर येऊन खात्री करतो आणि मग नोंद बदलते.

अर्ज अडकतो तो ठरावीक ठिकाणी. सगळ्यात मोठी अडचण नावाची. दस्त नोंदवला, घरात राहायला आलो, म्हणजे कराच्या खात्यावर आपोआप आपलं नाव लागतं असा समज असतो. तसं होत नाही. खातं बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर पडून राहतं आणि पीटी-३ वर सही मात्र तुमची. म्हणून क्रम असा ठेवा: थकबाकी भरा, सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा, इंडेक्स टू) आणि सोसायटीचं पत्र लावून नाव बदलून घ्या, बिलावर नाव छापून आल्याची खात्री करा आणि मगच पीटी-३ द्या. दोन्ही अर्ज एकदम दिले तर दुसरा पहिल्याची वाट बघत पडून राहतो.

दुसरी अडचण सोसायटीच्या पत्राची. ‘सदर सभासद आमच्या सोसायटीत राहतात’ एवढं मोघम लिहून चालत नाही. सदनिका क्रमांक, कराचा खाते क्रमांक आणि ‘स्वतः वास्तव्यास असून सदनिका भाड्याने दिलेली नाही’ हे तिन्ही त्यात हवं. सोसायटी अजून नोंदलेलीच नसेल तर पेठ निरीक्षकाला आधीच विचारा की तिच्याऐवजी कोणतं पत्र चालेल. अंदाजाने काहीतरी जोडलं की हेलपाटा ठरलेला.

तिसरी गोष्ट वापराची. हॉलमध्ये शिकवणी, पुढच्या खोलीत दवाखाना, बाहेर छोटी पाटी. तेवढ्या भागाची आकारणी बिगरनिवासी दराने होऊ शकते आणि पाहणीत ते दिसलं की सवलतही वादात सापडते. अधूनमधून घर बंद ठेवून मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांनी विजेची बिलं जपून ठेवावीत. कुलूप दिसलं म्हणजे कोणी राहत नाही, असा शेरा पडणं अवघड नाही.

अर्ज देताना पोच घ्या. त्यावर आवक क्रमांक आणि तारीख असली पाहिजे. आणखी एक गोष्ट लेखी विचारा: सवलत नेमकी कोणत्या आर्थिक वर्षापासून धरणार? २०१९ नंतर जादा भरलेल्या रकमेबाबत धोरण असं होतं की रोख परतावा द्यायचा नाही, ती २०२३-२४ पासूनच्या चार वर्षांच्या बिलांत समान हप्त्यांत वळती करायची. त्यासाठी नोव्हेंबर २०२३ पर्यंत अर्ज मागवले होते. उशिरा जाग आलेल्यांनी मागची रक्कम आपोआप मिळेल असं गृहीत धरू नये.

या सेवेचा खरा दोष सवलत सिद्ध करण्याच्या या खटाटोपातच आहे, आणि तो संगणकाचा नाही, ठरावाचा आहे. मुंबईशी तुलना केली की तो लगेच लक्षात येतो. मुंबई महापालिकेत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर, चटई क्षेत्रापर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. क्षेत्रफळ पालिकेच्या दप्तरात असतंच, त्यामुळे नागरिकाला काही सिद्ध करावं लागत नाही. पुण्यात निकष आहे तो ‘राहतो कोण’ हा, आणि ते दप्तरात नसतं. न्यायाच्या दृष्टीने पुण्याचा निकष सरस म्हणावा लागेल. मुंबईत छोट्या दहा सदनिका घेऊन भाड्याने देणाऱ्यालाही दहा वेळा माफी मिळू शकते, पुण्यात असं चालत नाही. पण न्याय्य निकष हवा असेल तर तो राबवायला माणसं हवीत, नियमित पाहणी हवी आणि नाकारलं तर कारण कळवण्याची पद्धत हवी. त्याऐवजी पुराव्याचं ओझं राहणाऱ्याच्या डोक्यावर ठेवून काम भागवलं जातं.

त्यात अभय योजनांची भर. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, म्हणजे वर्षाला २४. ऐकायला जबर, पण २०२० मध्ये त्याच शास्तीत ८० टक्के सूट देणारी योजना आली होती. वेळेवर भरणाऱ्याला सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के, आणि वर्षानुवर्षं न भरणाऱ्याला शास्तीत ८० टक्के. मुख्य सभेने किंवा प्रशासकाने काहीही युक्तिवाद केला तरी हे गणित प्रामाणिक करदात्याला पटणारं नाही.

आता कौतुकाचा भाग, तो थोडक्यात, कारण त्यात तक्रारीला फारशी जागा नाही. संकेतस्थळावर विभाग, पेठ आणि खाते क्रमांक या तीन गोष्टी टाकल्या की बिल समोर येतं. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय सगळं चालतं आणि पावती उतरवून घेता येते. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा, दोन-तीन कामाचे दिवस थांबा आणि मग खात्यावर जमा झालेत का ते बघा. दुबार भरलेली रक्कम परत मिळवणं भरण्याइतकं सोपं नसतं. धनादेश द्यायचा असेल तर मुदतीच्या बरंच आधी द्या. तो वटला नाही तर लवकर भरण्याची सवलतही हातची जाते. आणि मागची थकबाकी ठेवून फक्त चालू वर्षाचे पैसे भरले तर ती रक्कम आधी जुन्या थकबाकीत वळते, हे विसरू नका.

एकाच घराची दोन खाती असणं, म्हणजे दुबार आकारणी, हा पुण्यातला जुना रोग आहे. एक बिल्डरच्या काळचं, एक नंतरचं. तुम्ही इमानाने एका खात्यावर भरत राहता आणि दुसऱ्यावर शास्ती वाढत राहते. नवीन घर घेताना पत्त्यावरून आणि जुन्या मालकाच्या नावानेही शोध घ्या. दुसरं खातं सापडलं तर दोन्ही बिलं आणि ताबा पावती जोडून ते रद्द करण्याचा अर्ज द्या.

सौरऊर्जा, पावसाचं पाणी मुरवणं आणि गांडूळ खत यांसाठीची सवलत चांगली आहे: एक यंत्रणा असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १०. अट एवढीच की यंत्रणा चालू हवी. गच्चीवर गंजलेली टाकी आणि खतखड्ड्यात प्लॅस्टिक असेल तर पाहणीत सवलत जाते आणि तीही सगळ्या सोसायटीची. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा पत्नी यांच्यासाठी राज्याची करमाफी वेगळी आहे. तिला जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. समाविष्ट गावांची, म्हणजे पालिकेच्या हद्दीत नंतर आलेल्या गावांची, आकारणी हे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथल्या बिलांना वरचा हिशेब जसाच्या तसा लावू नका.

करपात्र मूल्यच चुकीचं आहे असं वाटत असेल तर आकारणी कळवणारी विशेष नोटीस आल्यावर तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या. तोंडी बोलण्याला काही किंमत नाही. हरकतीचा निकाल विरुद्ध गेला तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली १५ दिवसांत न्यायालयात अपील करता येतं, पण वादातला कर आधी भरावा लागतो. बहुतेकांची गाडी तिथेच अडते. म्हणून हरकतीच्याच टप्प्यावर मोजमापाचा नकाशा, भोगवटा पत्र आणि शेजारच्या दोन बिलांच्या प्रती जोडून ठेवा. सुनावणीत क्षेत्रफळ, दर आणि वापर यांपैकी नेमकं काय चुकलंय हे एका वाक्यात सांगता आलं, तर बिल दुरुस्त होण्याची शक्यता बरीच वाढते.