दोरी, ठरलेली वेळ की कुंपण: कुत्र्याला कोणत्या उद्यानात न्यावं?

शहरी उद्यानांतले कुत्र्यांचे नियम साधारण तीन प्रकारांत मोडतात. एक, सगळ्यांचं उद्यान, पण कुत्रा कायम दोरीला. दोन, तेच उद्यान, पण ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या जागेत दोरी सोडायची मुभा. तीन, खास कुत्र्यांसाठी कुंपण घालून राखलेला भाग. कुत्र्याला मनसोक्त पळता यावं म्हणून बरेच जण थेट तिसऱ्याकडे वळतात. खरं तर आधी दोन गोष्टी तपासायला हव्यात: कुत्रा हाकेला परत येतो का, आणि अनोळखी कुत्रा अंगावर धावून आला तर तो काय करतो. उद्यान त्यानंतर ठरवावं.

दोरीचा नियम असलेल्या उद्यानात दोरी सहसा सहा फुटांपर्यंतच, म्हणजे १.८ मीटरपर्यंत चालते. त्यामागे कारण आहे. एवढ्या अंतरावर कुत्रा वळला तर एका पावलात त्याला जवळ घेता येतं. बटण दाबून लांबणारी पाच मीटरची दोरी इथे नकोच. कुत्रा वेग घेईपर्यंत हातात काही लागत नाही, बारीक दोरीने बोटं आणि पायही कापतात. मूठ हातातून निसटली तर ती खडखडत मागे येते आणि घाबरलेला कुत्रा आणखी जोरात पळतो. अशा उद्यानातही मुलांचं खेळाचं अंगण, पाण्याची जागा, फुलांचे वाफे आणि क्रीडांगण बहुधा बंदच असतात. अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांना मात्र पुष्कळ शहरांत यातून सूट मिळते. म्हातारा कुत्रा, नुकताच घरी आणलेला कुत्रा, दुसरे कुत्रे दिसले की ताठरणारा कुत्रा, या सगळ्यांसाठी हाच पर्याय बरा. हुंगत हुंगत केलेला सावकाश फेरफटकाही कुत्र्याला चांगला दमवतो.

ठरलेल्या वेळेची मुभा ऐकायला सर्वांत सोयीची वाटते. न्यूयॉर्कमध्ये नेमून दिलेल्या उद्यानांत सकाळी उद्यान उघडल्यापासून ९ वाजेपर्यंत आणि रात्री ९ पासून बंद होईपर्यंत ती मिळते. पण इथे कुंपण नसतं. कुंपणाचं काम तुमच्या हाकेने करायचं असतं. म्हणून आधी दहा मीटरच्या लांब दोरीवर, हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घालून सराव करा. कुत्रा वासात पूर्ण गुंतलेला असताना एकदाच हाक मारा. दहापैकी किमान नऊ वेळा तो वळून तुमच्यापर्यंत येत नसेल, तर मोकळीक अजून लांब आहे. हाक दोन-तीनदा मारायची सवय लावू नका. पहिली हाक दुर्लक्ष करण्यासारखी असते, एवढंच तो शिकतो. आणखी एक चूक वारंवार दिसते: कुत्रा आला की लगेच दोरी अडकवून घरी नेलं जातं. मग येणं म्हणजे मजा संपणं, हे गणित तो बरोबर मांडतो. अधूनमधून बोलवा, खाऊ द्या आणि पुन्हा सोडा.

या पर्यायात फलक नीट वाचावा लागतो. मुभा पूर्ण उद्यानाला क्वचितच असते. फाटकापासून त्या मैदानापर्यंत दोरी लावूनच जायचं असतं. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी कुत्र्याला दोरी लावा, कारण शेवटच्या क्षणी तो नेमका लांब असतो आणि फिरायला येणारी माणसं सुरू झालेली असतात.

कुंपणाच्या भागात पळून जायची भीती सर्वांत कमी, पण कुत्र्या-कुत्र्यांमधला ताण सर्वांत जास्त. त्यातही खटके उडतात ते दारापाशी. चांगल्या जागी दोन दारं असतात आणि मध्ये छोटा चौक. बाहेरचं दार लावा, चौकात दोरी काढा, हार्नेस आणि गळा आवळणारा पट्टा असेल तर तोही काढा. आतल्या दारापाशी कुत्र्यांचा घोळका असेल तर तो पांगेपर्यंत थांबा. मगच आत जा आणि तिथे न रेंगाळता चालत राहा. मोकळ्या कुत्र्यांत दोरीला बांधलेला कुत्रा दूर सरकू शकत नाही. दोरीचा ताण जाणवला की तो आधीच गुरगुरायला लागतो. साधा चपटा, झटकन सुटणारा पट्टा आणि त्यावरचा परवान्याचा बिल्ला मात्र राहू द्या. झटकन सुटणाराच हवा, कारण खेळताना एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकला की दोघेही गोल फिरतात आणि गळफास बसतो.

लहान कुत्र्यांसाठी वेगळा भाग नसेल तर लहान कुत्रा नेऊ नका. ही मर्यादा जागेप्रमाणे साधारण १० ते १४ किलोंच्या आसपास असते. किंचाळत पळणारा छोटा कुत्रा पाहून एरवी गरीब असलेला मोठा कुत्राही शिकारीच्या आवेशात येऊ शकतो. आत खाऊ आणि चेंडू नकोत. भांडणाचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं. माजावर आलेली कुत्री तर अजिबात नेऊ नये.

आजारांच्या बाबतीत कुंपणाची जागा सर्वांत जोखमीची, कारण थोड्या मातीवर पुष्कळ कुत्रे येतात. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून चार महिन्यांखालच्या, लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला तिथे उतरवू नये. पाणी घरून न्यावं, सामाईक भांड्यातलं देऊ नये. साचलेल्या डबक्यापासूनही दूर ठेवावं, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) पसरतो.

शी उचलण्याचा नियम तिन्हीकडे सारखाच आहे आणि तो जागच्या जागी पाळायचा. गोल जंतांची अंडी ताज्या विष्ठेत लगेच संसर्ग करत नाहीत. त्यांना साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतर ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणजे आत्ता उचललं तर धोका तिथेच संपतो, ‘परत जाताना उचलू’ म्हटलं की बहुधा राहूनच जातं. दोन पिशव्या नेहमी जास्तीच्या ठेवा. जुलाब होत असतील तर उद्यानाचा विचारच सोडा, पातळ विष्ठा गवतातून पुरती उचलता येत नाही.

तरीही कुंपणाचाच पर्याय घ्यायचा असेल, तर पहिल्यांदा कुत्र्याशिवाय जा आणि पंधरा मिनिटं बाहेर उभं राहून पाहा. मालक कुत्र्यांकडे लक्ष देतात की फोनकडे, घोळका एखाद्यालाच कोपऱ्यात गाठतो का, सावली आहे का, हे कळतं. हे ठीक वाटलं तर कामाच्या दिवशी, भर दुपार टाळून, दोन-तीनच कुत्रे असतील अशा वेळी न्या. पहिली भेट दहा-पंधरा मिनिटांतच आवरती घ्या. शेपटी पोटाखाली जाणं, सतत तुमच्या पायांमागे लपणं किंवा दाराकडेच पाहत राहणं दिसलं तर त्याच क्षणी बाहेर पडा आणि पुढचे काही आठवडे दोरीच्या उद्यानातच फिरवा.