बिल एंट्रीचं एआय सॉफ्टवेअर: आठ महिने वापरून, एकड्यावर अडलेला रिव्ह्यू

सॉफ्टवेअरचं नाव लिहित नाही कारण त्यांच्या सपोर्टशी अजून भांडण चालू आहे. हे काय काम करतं ते इथल्या बहुतेकांना माहिती आहेच, बिल स्कॅन करून टाकायचं, ते वाचून पार्टी, जीएसटी नंबर, रेट काढतं आणि टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) व्हाउचर, म्हणजे एंट्री, पडतं. माझं सांगलीत टॅक्सचं छोटं ऑफिस, पन्नासेक क्लायंट, त्यातले निम्मे मार्केट यार्डातले, हळद, गूळ, बेदाणा. एप्रिल २०२५ ला वर्षाचा प्लॅन घेतला, २६ हजार अधिक जीएसटी म्हणजे ३०,६८०, त्यात १२ हजार पानं.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी मुद्दा आधीच सांगतो. याला मराठी एकडा कळत नाही. त्याला तो इंग्रजी नऊ वाटतो. बास, बाकीचं वेळ असेल तर वाचा.

पहिले दोन महिने मी वैतागलेलोच होतो, आणि ते पानांवरून. दोन्ही बाजू स्कॅन केल्या की मागचं कोरं पानसुद्धा मोजतंय राव! कोऱ्या कागदावर काय वाचलं म्हणून पैसे लावता? पानाला सव्वादोन रुपयेच पडतात हे मान्य, पण कोऱ्या कागदाचे सव्वादोन का द्यायचे. शेवटी मी स्कॅनरला एकच बाजू सेट करून टाकली आणि पोराला सांगितलं, मागची बाजू बंद. हे लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

जूननंतर मत बदललं, खोटं कशाला बोलू. छापील बिलं म्हणजे मख्खन. एका क्लायंटच्या सप्लायरचा जीएसटी नंबर चुकीचा छापलेला होता, पंधरावं अक्षर हे आधीच्या चौदांवरून काढलेलं चेक डिजिट असतं, ते जुळेना म्हणून यानं लाल करून दाखवलं, मी तर नुसतं सुरुवातीचं २७, म्हणजे महाराष्ट्राचा कोड, बघून पुढं गेलो असतो. आणि २२ सप्टेंबरला जीएसटीचे रेट बदलले तेव्हा तर कमालच. तूप, बटर, सुकामेवा १२ वरून ५ वर आलं, किराणा होलसेलवाल्याची त्या महिन्याची बिलं म्हणजे अर्धी या रेटची अर्धी त्या, हातानं करायचं तर दोन दिवस गेले असते, यानं तारखेप्रमाणे दोन लेजरला बरोबर टाकली. त्या रात्री मी चार जणांना हे सॉफ्टवेअर घ्या म्हणून मेसेज केले. ते चौघं आता माझा फोन उचलत नाहीत.

आता ताईंचं सांगतो. अकरा वर्षं आमच्याकडं एंट्रीला होत्या, १४ हजार पगार, म्हणजे सॉफ्टवेअरचं वर्ष त्यांच्या सव्वादोन महिन्यांत निघतं, हा हिशोब मी घ्यायच्या आधीच करून ठेवला होता. जुलैत त्यांना म्हटलं अर्धा दिवस या, ८ हजार देतो, आणि वर हेही म्हटलं की सॉफ्टवेअरमुळं नाही हो ताई, सध्या कामच कमी आहे. त्याच महिन्यात टीसीएसची बातमी आली होती, १२ हजारांच्या वर माणसं कमी करणार म्हणून, आणि त्यांचे सीईओ सांगत होते की हे एआयमुळं नाही, स्किल जुळत नाहीत म्हणून. टीव्हीवर ते ऐकून मी हसलो होतो. बायको म्हणाली, तुम्ही काय वेगळं बोललात? ताई ऑगस्टला सोडून गेल्या, मिरजेत एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला.

नोव्हेंबरमध्ये यार्डातल्या एका अडत्याची सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज, रिन्यूअलला आली. बँकेला सप्टेंबरपर्यंतचे प्रोव्हिजनल आकडे द्यायचे होते, टॅली उघडलं तर रोख शिल्लक मायनस. बँक ओव्हरड्राफ्ट समजू शकतो, पण पेटीतली रोकड मायनस कशी होईल, पेटी काय उधार देते? शोधत गेलो तर हमाली-तोलाईचा खर्च तीन लाखांच्या आसपास जास्त. व्हाउचर काढली. अडत्याचा हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजींच्या हातची, मराठी आकड्यात, १,१०० रुपये हमाली. टॅलीत ९,९००. पुढचं १,२००, टॅलीत ९,२००. अशी ३७ निघाली. दोन, तीन आणि शून्य हे बरोबर वाचतं कारण दोन्हीकडं सारखेच दिसतात, म्हणून वरवर बघणाऱ्याला संशयच येत नाही. चारचा आठ केलेला पण एका ठिकाणी सापडला.

आणि सगळ्यांसमोर हिरवा टिक! म्हणजे याची स्वतःची पूर्ण खात्री. हिरवं असेल ते उघडून बघायचं नाही हा नियम ऑफिसात मीच केला होता, नाहीतर वेळ कसला वाचणार. जीएसटीच्या बिलात चूक झाली तर १४ तारखेला टू-बी, म्हणजे सप्लायरनी भरलेल्या बिलांचं जीएसटी पोर्टलवरचं स्टेटमेंट, येतं, त्याच्याशी जुळवताना कळतं. हमालीचं व्हाउचर कुठल्याच टू-बीत येत नाही. म्हणजे जिथं दुसरीकडून तपासायची सोय आहे तिथं हे गडी हुशार, आणि जिथं कोणी बघणार नाही तिथं बिनधास्त नऊ मारून मोकळे.

सपोर्टला फोन केला. पोरगी गोड बोलत होती, ती माणूस होती का तेही आता खात्रीनं सांगता येत नाही. म्हणे हस्तलिखित प्रादेशिक अंक अजून बीटा, म्हणजे चाचणीत, आहे, अचूकतेचा दावा छापील बिलांपुरता, टर्म्समध्ये लिहिलंय. डेमोला आलेल्या पोरानं मराठी पण वाचतं म्हणून आमच्याच पाटीचा फोटो वाचून दाखवला होता, त्या पाटीवर आकडा नव्हता हे आत्ता लक्षात येतंय. ३७ व्हाउचर दोनदा परत टाकून बघितली, दोन्ही वेळा नऊच, वर ७४ पानं कापली. ती परत द्या म्हणून माझे पाच मेल झालेत. १६० रुपये होतात, मला माहितीये, तरी सोडणार नाही.

दिवाणजींना म्हटलं, जरा इंग्रजी आकडे काढाल का. ते म्हणाले, "वकीलसाहेब, चाळीस वर्षं हाच एकडा काढतोय, आजवर कुणाला नऊ दिसला नाही. तुमच्या मशीनला चष्मा लावा."

मग ताईंना फोन केला, तुमच्या वेळी हे कसं जुळायचं म्हणून. त्या म्हणाल्या, "मी पुढचं वाचायचेच नाही सर आधी. मागची बाजू बघायचे. दिवाणजी मागं पेन्सिलीनं त्या दिवसाची बेरीज टाकतात, ती घेऊन मग पुढं यायचं." अकरा वर्षांत हे मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि मागची बाजू तर मीच सव्वादोन रुपयांसाठी बंद केलेली.

वडील बँकेत होते, १९८३ च्या बँका आणि युनियनच्या यंत्रीकरणाच्या करारानंतर त्यांच्याकडं लेजर पोस्टिंगचं मशीन आलं तेव्हा म्हणे महिनाभर मशीनचं बॅलन्सिंग हातानं परत करायचे. मी लहानपणी या गोष्टीला हसायचो.

तर छापील बिलांना चार स्टार, हाताच्या बिलांना शून्य. मार्चला रिन्यू करणार, पण खालचा ५ हजार पानांचा प्लॅन. ताईंना विचारलं रविवारी तासाच्या हिशोबानं याल का, तर म्हणाल्या, "रविवार नाही जमणार सर, इथं भरपगारी सुट्टी असते." त्यामुळं यार्डाची व्हाउचर सध्या मीच रात्री बसून मारतोय, मागची बाजू आधी बघून. पेन्सिल पुसट असेल तर मोबाईलची बॅटरी लावावी लागते.