चेंबरचे पॅकिंग बदलताना : कॉर्क, रबर की सिलिकॉन?

इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या ऑइल पॅनच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबरच्या, कडेला तेल दिसले की दोष सांधा बंद करणाऱ्या पॅकिंगचाच असेल असे धरून चालू नये, कारण टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशर स्विच किंवा क्रँकचे मागचे ऑइल सील यांतून गळणारे तेलही ओघळत येऊन शेवटी चेंबरच्या कडेलाच थेंब धरते. इंजिन धुऊन, कोरडे करून थोडा वेळ चालवावे आणि पहिला ओलावा कोठे उमटतो ते पाहावे. क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या पोकळीतील) वायू बाहेर नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलेला असेल, तर वाढलेला दाब नव्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकलतो, म्हणून तोही याच वेळी तपासावा.

गळती चेंबरचीच ठरली की निवड तीन पर्यायांतून करायची असते. कॉर्कचे पॅकिंग मऊ असल्यामुळे किंचित वाकड्या कडेशीही जुळवून घेते. मात्र उष्णतेने ते कालांतराने वाळते, कडक होते व तडकते, आणि बोल्ट जास्त आवळले तर लगेच चिरते. साच्यात घडवलेले रबरी पॅकिंग अधिक टिकते, आणि त्याच्या भोकांत धातूच्या बाही असतील तर ते गरजेपेक्षा जास्त दाबलेही जात नाही. पत्र्याच्या चेंबरसाठी माझी पसंती निःसंशय यालाच आहे. त्याला दोन्ही बाजूंनी सीलंट (सांधा बंद करणारी पेस्ट) फासण्याची सवय मात्र सोडावी, कारण त्यामुळे रबर आवळताना घसरून बाहेर येते. टायमिंग कव्हर (इंजिनाच्या टोकाचे झाकण) इंजिनाच्या ब्लॉकला मिळते अशा सांध्यांवर कंपनीने सांगितला असेल तेवढा सीलंटचा ठिपका पुरतो.

सिलिकॉन सीलंटचे गणित वेगळे आहे. अनेक ॲल्युमिनियमच्या चेंबरना मुळात पॅकिंग नसतेच. तेथे सपाट घासलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये सीलंटचा पातळ थर हेच पॅकिंग असते आणि त्याऐवजी दुसरे काही बसवण्याचा प्रयत्न करू नये. सीलंट स्वस्त व सहज मिळणारे असले तरी ते हलगर्जीपणा खपवून घेत नाही. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची अखंड रेषा बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवावी लागते, वरची साय धरण्याआधी चेंबर बसवावा लागतो, आणि पूर्ण घट्ट होण्यासाठी साधारण २४ तास गाडी उभी ठेवावी लागते. त्याच दिवशी गाडी हवी असणाऱ्याला रबरच सोयीचे. जादा सीलंट आत दाबले जाऊन त्याचे तुकडे सुटले, तर ते ऑइल पंपाच्या जाळीवर अडकतात आणि इंजिनाला तेल कमी पडते; साध्या गळतीपेक्षा हे कितीतरी घातक आहे. शिवाय चिकटलेला चेंबर पुढच्या वेळी सोडवताना कड वाकण्याची भीती राहते.

पॅकिंग कोणतेही असो, खरा वेळ सफाईला द्यावा. जुन्या थराचा कण आणि तेलाचा अंश राहू नये. ॲल्युमिनियमवर लोखंडी पाते न वापरता प्लास्टिकची पट्टी वापरावी. पत्र्याच्या चेंबरमध्ये पूर्वीच्या जास्त आवळणीमुळे भोकांभोवती फुगवटे आलेले असतात. ते सपाट पृष्ठभागावर ठेवून ठोकून बसवल्याशिवाय सर्वोत्तम रबरही गळेल. हे बोल्ट अनेक गाड्यांत ६ मिलिमीटरचे असून त्यांना सुमारे १० न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो; नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा आणि मधून कडांकडे जात दोन-तीन फेऱ्यांत आवळावे.

हे काम स्वतः करावे की मेकॅनिककडे द्यावे, हे पॅकिंगवर नव्हे तर चेंबरपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर ठरते. काही गाड्यांत सबफ्रेम (इंजिनाखालची आधाराची चौकट) उतरवावी किंवा इंजिन उचलून धरावे लागते, आणि ते घरच्या जॅकवर करू नये. चेंबर मोकळा असेल तर भक्कम स्टँडवर गाडी टेकवून सवड असलेल्या माणसाला ते जमते.

कॉर्क बसवले असल्यास इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर बोल्ट एकदा हलकेच तपासावेत. सीलंटच्या बाबतीत मात्र बोल्टना पुन्हा हात लावू नये, कारण घट्ट झालेला थर त्या पिळाने तुटतो.