मांजर की कोल्हीण? ‘स्ट्रे’ आणि ‘एंडलिंग’मधला कोणता गेम आधी घ्यावा

१९ जुलै २०२२ या एकाच दिवशी दोन व्हिडिओ गेम बाजारात आले. एकात तुम्ही रस्त्यावरचं केशरी मांजर असता, तर दुसऱ्यात जगात उरलेली शेवटची कोल्हीण, तीही चार पिल्लांची आई. दोन्हींत माणसाने जगाची वाट लावून ठेवलेली आहे, दोन्हींत नायकाला बोलता येत नाही आणि दोन्ही एका शनिवार-रविवारात आरामात संपतात. त्या दिवशी सगळा गाजावाजा मांजराच्या वाट्याला आला आणि कोल्हीण बिचारी कोपऱ्यात राहिली. आता सेल लागला की दोन्ही परवडण्यासारखे होतात, आणि ‘यातला आधी कोणता घेऊ?’ हा प्रश्न उरतोच.

उत्तर ताणत बसत नाही. बहुतेकांनी आधी ‘स्ट्रे’ घ्यावा. पण या ‘बहुतेकां’त तुम्ही बसता का, हे आधी बघायला हवं. दोन्ही गेमबद्दलच्या नाराजीच्या प्रतिक्रिया वाचल्या की पुष्कळदा एकच गोष्ट जाणवते: गेम ठीक होता, घेणाऱ्याला हवं होतं काहीतरी भलतंच. ‘स्ट्रे’मध्ये तुम्ही पाहुणे असता. शहर बघा, डोकावा, कुणाच्या तरी मांडीवर झोपा, पुढे चला. ‘एंडलिंग’मध्ये तुमच्या पाठीमागे चार भुकेली तोंडं चालत असतात. ज्याला भटकायचंय त्याला कोल्हीण जाच वाटते, आणि ज्याला काहीतरी पणाला लावून खेळायचंय त्याला मांजर पोकळ वाटतं.

‘स्ट्रे’ फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या ब्लूट्वेल्व्ह स्टुडिओने बनवला. प्रकाशक अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्ह. नाव घरचं वाटतं, पण कंपनी अमेरिकेची. भिंतींनी बंद केलेल्या एका शहरात मांजर पडतं. तिथे माणूस उरलेला नाही. माणसांच्या सवयी उचललेले यंत्रमानव तेवढे आहेत आणि मांजराला परत वर, उघड्या आभाळाखाली जायचंय. सोबतीला बी-१२ नावाचा एक इवलासा ड्रोन मिळतो, तो भाषांतर करतो आणि दिवा धरतो. शहराची कल्पना हाँगकाँगच्या कौलून वॉल्ड सिटीवरून घेतलेली आहे. साधारण अडीच हेक्टर जागेत तीसेक हजार माणसं राहायची ती वस्ती, १९९३-९४मध्ये पाडली. एसीचे डबे, पाइप, केबलींची जाळी, दोरीवरचे कपडे, एकमेकींवर रेललेल्या खोल्या हे सगळं मांजराच्या उंचीवरून बघायचं. खोपटांचा ‘स्लम्स’ हा भाग जवळजवळ प्रत्येकाला आवडतो, आणि तो आवडण्यासारखाच आहे. आपल्या चाळीत वाढलेल्या माणसाला तर तिथल्या जिन्यांची आणि गच्च्यांची ओळख पटायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

पण लोक या गेमच्या प्रेमात पडले ते शहरापेक्षा मांजरपणामुळे. ‘म्याऊ’साठी स्वतंत्र बटण आहे आणि ते जवळपास केव्हाही दाबता येतं. गालिचा किंवा दार ओरबाडायचं असेल तर कंट्रोलरचे डावे-उजवे ट्रिगर आळीपाळीने दाबायचे, म्हणजे तुमची बोटंच पंजे होतात. फळीवरच्या बाटल्या विनाकारण खाली ढकलता येतात. पाठीवर पहिल्यांदा पट्टा बांधला जातो तेव्हा मांजर अंग आकसून जमिनीला टेकतं, धड चालेनासं होतं. ज्यांनी घरच्या मांजराला पट्टा बांधायचा प्रयत्न केलाय त्यांना हा तमाशा ठाऊक आहे. एका ठिकाणी कागदी पिशवीत डोकं अडकतं आणि मग डावीकडे दाबलं की मांजर उजवीकडे जातं. झोपायच्या जागा ठिकठिकाणी आहेत. तिथे अंगाची गुंडाळी केली की कॅमेरा हळूहळू मागे जातो, संगीत चालू राहतं आणि प्लेस्टेशन ५चा कंट्रोलर हातात गुरगुरतो. तासभराहून जास्त झोपल्याची एक ट्रॉफीसुद्धा आहे! गेम आल्यावर टीव्हीसमोर कान टवकारून बसलेल्या खऱ्या मांजरांचे व्हिडिओ जगभर फिरले ते उगीच नाही.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यांत रास्त तक्रार उडीची. ‘स्ट्रे’मध्ये मनात येईल तिथे उडी मारता येत नाही. जिथे बटणाचं चिन्ह दिसेल तिथेच मांजर झेपावतं, आणि ते कधीच चुकत नाही. प्लॅटफॉर्म गेममध्ये, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या गेममध्ये, मुरलेल्यांना हे लहान मुलाचं बोट धरून चालवल्यासारखं वाटतं. बाजू घेणारे म्हणतात, मांजर कधी उडी चुकतं का? युक्तिवाद बरा आहे, पण अर्धाच पटतो. हालचाल देखणी राहते हे खरं. पण वर कसं पोचायचं हे शोधण्यातली मजा चिन्ह शोधण्यात बदलते, हेही तितकंच खरं.

दुसरी तक्रार मध्यानंतरची. झुर्क नावाचे किडेवजा प्राणी अंगावर धावून येतात. पहिला पाठलाग थरारक आहे, पुढचे तेवढे नाहीत. गटारांचा टप्पा तर सरळ भयपटात शिरतो, भिंतींवर डोळे, अंड्यांची घरटी वगैरे. पुढे मिडटाउन या भागात पहारेकरी ड्रोनच्या नजरेखालून लपतछपत जायचं असतं, ते काम इतर शंभर गेममध्ये करून झालेलं असतं. मांजर म्हणून करण्यासारखं काही अशा वेळी उरत नाही, मांजराच्या जागी कोणीही चाललं असतं. ‘पहिले तीन तास अप्रतिम, नंतर नेहमीचा गेम’ असा जो सूर लागतो, त्याचं मूळ इथे आहे आणि माझंही मत त्याच बाजूला झुकतं.

तिसरी तक्रार लांबीची. पाच-सहा तासांत कथा संपते, आणि लाँचची मूळ किंमत ३० डॉलर होती. ही तक्रार मला फारशी पटत नाही. हाच गेम पंधरा तासांचा केला असता तर वाढलेले नऊ तास गटारातच गेले असते. मात्र पूर्ण किमतीला घ्यावा असंही म्हणणार नाही.

कौतुकाची बाजू मात्र एवढी जड आहे की या तक्रारी तळटीपा वाटाव्यात. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावरच्या खेळाडूंचं मत जबरदस्त अनुकूल आहे. २०२२च्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट इंडी (म्हणजे स्वतंत्र स्टुडिओचा गेम) आणि सर्वोत्कृष्ट पदार्पण असे दोन्ही पुरस्कार मिळाले, शिवाय वर्षातल्या सर्वोत्तम गेमसाठी ‘एल्डन रिंग’ आणि ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’च्या पंगतीत नामांकन. त्याच वर्षी स्टीमच्या मतदानात खेळाडूंनी ‘सर्वांत नावीन्यपूर्ण गेमप्ले’चा मान याच गेमला दिला, आणि त्यावर बऱ्याच जणांनी कपाळाला हात लावला. तो कपाळावरचा हात रास्त होता. ‘स्ट्रे’त खेळण्याची रीत नवी नाही, बघण्याची उंची नवी आहे.

आता कोल्हीण. ‘एंडलिंग: एक्स्टिंक्शन इज फॉरएव्हर’ हा बार्सिलोनाच्या हीरोबीट स्टुडिओजचा गेम. सुरुवात वणव्यात होते. पोटुशी कोल्हीण जीव घेऊन पळते, जखमी अवस्थेत एका ढोलीत शिरते आणि तिथे पिल्लं जन्मतात. दिवसा ढोलीत राहायचं, रात्री बाहेर पडून पोट भरायचं आणि उजाडायच्या आत परतायचं. लवकरच चारांतलं एक पिल्लू कातडी विकणारा माणूस उचलून नेतो, आणि मग प्रत्येक रात्रीला दोन कामं लागतात: उरलेल्या तिघांना जगवणं आणि चौथ्याचा माग काढणं.

ही ओढाताण हाच सगळा गेम आहे. पडद्यावर पिल्लांच्या भुकेची पट्टी असते. ससा हाती लागला तर रात्र निभावते, नाहीतर कचऱ्याच्या पिशव्या फोडायच्या. हरवलेल्या पिल्लाचा वास लांब कुठेतरी दरवळत असतो, आणि मागची पिल्लं भुकेने रेंगाळत असतात. कुठे वळायचं? इथे चुकीला माफी नाही. मेलेलं पिल्लू गेलंच, पुढची सारी कथा तुम्ही एक पिल्लू कमी घेऊन चालता. ‘स्ट्रे’मध्ये झुर्कांनी मांजराला घेरलं तर थोडंसंच मागे जाऊन पुन्हा खेळ सुरू होतो, तुमचं काही जात नाही. दोन्ही गेममध्ये अंतर आहे ते एवढंच, आणि एवढंच पुरेसं आहे.

दर काही रात्रींनी जंगल बदलतं. झाडं तोडली जातात, पाणी घाण होतं, काल जिथे शिकार मिळाली तिथे आज माणसांची वर्दळ असते. पाठ झालेली वाट निरुपयोगी होते. पर्यावरणावर भाषण न देता पर्यावरणाबद्दल बोलणारे गेम फार थोडे, त्यांत हा पहिल्या रांगेतला. बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कार संस्थेने २०२३मध्ये ‘गेम बियाँड एंटरटेनमेंट’ (करमणुकीपलीकडचा गेम) हा पुरस्कार याला दिला, तो योग्य ठिकाणी गेला.

खेळणाऱ्यांचं दुखणं काय? एक म्हणजे चालणं. दृश्य त्रिमितीय असलं तरी कोल्हीण आखून दिलेल्या वाटांवरच चालते, आणि जिथे दोन वाटा फुटतात तिथे हवी ती वाट पकडताना तारांबळ उडते. शिकारी मागे लागलेला असताना हे फार खटकतं. दुसरं म्हणजे तोचतोचपणा. त्याच पायवाटा, तीच झुडपं, आणि काही रात्री नुसत्या पोट भरण्यात जातात, कथा इंचभर सरकत नाही. हे दुखणं खोटं नाही, पण मला तो तोचतोचपणा योग्यच वाटतो. उपासमारीत रोज नवी गंमत नसते. तिसरा मुद्दा तक्रार म्हणून नाही, सावधगिरी म्हणून सांगितला जातो: हा गेम रडवतो. ‘सुंदर आहे, पुन्हा खेळणार नाही’ हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सारखं भेटतं. घरात नुकतंच पाळलेलं जनावर गेलं असेल तर आत्ता हात लावू नका.

‘स्ट्रे’ही अगदी हसतखेळत नाही. सुरुवातीलाच मांजर पाइपवरून खोल खाली पडतं आणि लंगडत उठतं, तेवढ्यावर कित्येकांनी कंट्रोलर खाली ठेवला. पण ते दुःख थोडा वेळ टिकतं. यंत्रमानवाच्या पायाला अंग घासलं की त्याच्या चेहऱ्याच्या पडद्यावर बदाम उमटतो, आणि मन निवळतं.

लहान मुलांसाठी विचारत असाल तर भाषेचा मुद्दा महत्त्वाचा. मराठी सबटायटल यांपैकी कशातच नाहीत. ‘स्ट्रे’मध्ये यंत्रमानवांशी बरंच बोलणं होतं आणि ते वाचावं लागतं. पुढे काय करायचं हेही त्यातूनच कळतं. इंग्रजी सराईतपणे न वाचणाऱ्या मुलाशेजारी कोणीतरी बसायला हवं. ‘एंडलिंग’मध्ये संवाद जवळजवळ नाहीतच, भाषेची अडचण नाही. पण पिल्लू मेल्यावर समजूत काढायला शेजारी बसावं लागेलच! दहाच्या आतल्या मुलाला मी दोन्ही देणार नाही.

त्या वयासाठी, किंवा ज्याला मांजर हवंय पण झुर्क आणि उदासी नकोय त्याच्यासाठी, तिसरं नाव आहे: ‘लिटल किटी, बिग सिटी’. मे २०२४मध्ये आलेला हा गेम डबल डॅगर स्टुडिओचा. खिडकीतून पडलेलं काळं मांजर जपानी वाटणाऱ्या एका शहरातून घराकडे निघतं आणि वाटेत सतरा भानगडी करत बसतं. कावळ्याला चकाकत्या वस्तू आणून द्या, बदकाची हरवलेली पिल्लं शोधा, कुंड्या पाडा, टोप्या घाला. इथे मरण नाही, आणि उडी मात्र मनाला येईल तिथे मारता येते, म्हणजे ‘स्ट्रे’वरची पहिली तक्रार इथे मिटते. बदल्यात उड्या चुकतात, कॅमेरा अधूनमधून भिंतीत घुसतो आणि वातावरण म्हणावं तसं काही नाही. घाई केली तर दोन-तीन तासांत घर गाठता येतं. हलकाफुलका, गोड गेम. ‘स्ट्रे’च्या तोलाचा म्हणून घ्याल तर नाराज व्हाल.

कशावर खेळायचं यावरही निवड ठरते. ‘स्ट्रे’ आधी पीसी आणि प्लेस्टेशनवर होता, २०२३मध्ये एक्सबॉक्स आणि मॅकवर आला, २०२४च्या नोव्हेंबरात स्विचवर. पीसीवर ८ जीबी रॅम, साधारण १० जीबी जागा आणि जुनं पण वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर चालतो. नव्या भागात शिरताना क्षणभर अडखळतो, ही तक्रार लाँचपासूनची आहे. ऑफिसच्या साध्या लॅपटॉपवर नाद करू नका. फक्त फोनच असेल तर प्रश्नच मिटला, कारण ‘एंडलिंग’ची मोबाइल आवृत्ती २०२३मध्ये आली आणि एका रेषेतली तिची हालचाल टचस्क्रीनवर निभावून जाते. मात्र रात्रीचा अंधार हाच तिचा रंग असल्याने दुपारच्या उजेडात लोकलमध्ये खेळायचा हा गेम नव्हे.

स्टीमवर घेणार असाल तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना पैसे परत मागता येतात. ‘स्ट्रे’साठी ही मुदत पुरेशी आहे. दोन तासांच्या आत तुम्ही स्लम्समध्ये पोचलेले असाल, आणि तिथेही गच्चीवर बसून खालचे दिवे बघावेसे वाटले नाहीत तर पुढे वाटायची शक्यता कमी. ‘एंडलिंग’ला मात्र दोन तास म्हणजे जवळपास अर्धा गेम. तिथे पिल्लू चोरीला जाईपर्यंत खेळा. त्या रात्री तुम्ही आधी माग काढायला धावलात की आधी उरलेल्यांना खायला घातलंत, काहीही केलं असलं तरी छातीत धडधडलं असेल तर गेम ठेवा. ‘आता हे रोज करायचं?’ असा वैताग आला तर लगेच परत करा आणि त्याच पैशांत मांजर घ्या.