लहान मुलांची संगीत-कला शाळा: शहरात भाड्याने, स्वतःच्या प्लॉटवर, की गावच्या शाळेच्या वर्गात?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात चार ते नऊ वर्षांच्या मुलांना गाणं, ताल, चित्रकला आणि मातीकाम शिकवायचं मनात असेल, तर पहिला प्रश्न जागेचा येतो. माझ्या मते तो सोडवायची कसोटी एकच आहे: मूल आठवड्यातून किती वेळा तिथे पोहोचेल? या वयात गाणं कानातून शिरतं. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या घरात वडीलच गाणारे होते, सूर त्यांना घरबसल्या ऐकायला मिळाला. ज्यांच्या घरी असं कोणी नाही, त्या मुलांना निदान आठवड्यातून तीन-चार दिवस तरी सूर कानावर पडायला हवा. फक्त रविवारच्या तासावर भागत नाही.

बेळगाव शहरात टिळकवाडी, हिंदवाडी किंवा शहापुरात भाड्याची खोली घेतली, तर शिक्षक सहज मिळतात. पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यामुळे या शहरात पेटी शिकलेल्यांची परंपराच उभी राहिली. पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवायची असतील, तर तयारी करून घेणारी माणसंही इथेच आहेत. पण परवडणारी खोली बहुधा वरच्या मजल्यावर असते. अरुंद जिना, खाली गाड्यांची गर्दी, आणि संध्याकाळी शेजाऱ्यांना तबला नको असतो. गुळगुळीत फरशी आणि रिकाम्या भिंतींमुळे आवाज घुमतो. दहा मुलं एकदम गायला लागली की आपला सूर कुठला हे त्यांनाच कळत नाही. जाड सतरंज्या आणि पडदे यांनी बराच फरक पडतो, तो खर्च भाड्यात धरूनच हिशेब करा. आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी परीक्षा हे शहरात जाण्याचं कारण होऊ शकत नाही, पालकांनी कितीही विचारलं तरी.

स्वतःची इमारत हे सगळ्यांचं स्वप्न. तीन गुंठे म्हणजे ३,२६७ चौरस फूट, दोन खोल्या, पडवी आणि अंगणाला पुरेसे. मात्र शेतजमिनीचे गुंठे स्वस्त दिसले म्हणून घेऊ नका. एन.ए. (बिगरशेती) झालेला प्लॉट आणि स्वच्छ उतारा नसेल तर बांधकामाची परवानगी अडते. दुसरी गोष्ट छपराची. पैसे वाचवायला लोक पत्रा घालतात. जुलैमध्ये आपल्याकडे पाऊस लागला की पत्र्याखाली तंबोरा तर सोडाच, शिकवणाऱ्याचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणजे जून ते सप्टेंबर शाळा बंद ठेवल्यासारखीच. स्लॅब किंवा खाली फळ्यांचं छत मारलेली कौलं, आणि जांभ्याच्या भिंती असतील तर आवाज आवाक्यात राहतो. दमट हवेत तबल्याची पुडी ढिली पडते, कातड्याला बुरशी धरते, तेव्हा वाद्यांसाठी भिंतीपासून सुटं, कोरडं कपाट हवंच. पडवीत मातीकाम ठेवा आणि हात धुण्याची मोरी तिथेच काढा. कुंभारकामासाठी नावाजलेलं खानापूर आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे चांगली माती आणि ती मळायला शिकवणारे हात दोन्ही मिळू शकतात.

हे सगळं छान जमलं तरी प्लॉट बहुधा वस्तीपासून लांब पडतो. मग व्हॅन आली, व्हॅनचे पैसे आले, आणि ज्या मुलांना सर्वाधिक गरज आहे तीच गळतात.

म्हणून तिसरी वाट मला जास्त पटते. येळ्ळूर, कडोलीसारख्या गावात किंवा खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेचा वर्ग संध्याकाळी रिकामा असतो. मुलं चालत येतात. गावातलं भजनी मंडळ हाताशी असतं: टाळ, पखवाज, आणि शंभर अभंग तोंडपाठ असलेले आजोबा. सहा वर्षांच्या पोराला ठेका धरायला शिकवण्यासाठी याहून जास्त काही लागत नाही. शेजारच्या कन्नड घरांतली मुलंही येऊ द्या. एक अभंग, एक वचन (बसवण्णांसारख्या शरणांची कन्नड भक्तिरचना) असं दोन्ही शिकवलं तर सगळ्यांचेच कान समृद्ध होतात.

इथल्या अडचणीही खऱ्या आहेत. भिंतीवर चित्रं टांगून ठेवता येत नाहीत, पेटी रोज ने-आण करावी लागते, आणि मुख्याध्यापक बदलले की तोंडी परवानगी हवेत विरते. त्यामुळे एसडीएमसीचा (शाळेच्या विकास व देखरेख समितीचा) ठराव आणि बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) परवानगी लेखी घ्या. वेळ, वीजबिल आणि साफसफाई कोणाकडे, हे त्यातच लिहून ठेवा.

मी असाच क्रम धरेन: आधी शाळेच्या वर्गात एक पूर्ण वर्ष. भर पावसाळ्यातही पंधरा-वीस मुलं टिकली, तर त्याच गावात, त्याच मुलांच्या चालण्याच्या अंतरावर, १५ बाय २० फुटांची एक खोली आणि पडवी बांधा. दुसरी खोली नंतर. शहरातली भाड्याची जागा, मुलं दहा-अकरा वर्षांची होऊन नेटानं शिकायला लागतील तेव्हा, शनिवार-रविवारपुरती घ्या. पाटी रंगवायला देण्याआधी एक लक्षात ठेवा: कन्नड भाषेच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार कर्नाटकात दुकानं आणि ट्रस्टसकट संस्थांच्या फलकावर ६० टक्के कन्नड लागतं. मराठी नाव उरलेल्या जागेत नीट बसवून घ्या.